गॅरेजचा पॉलीकार्बोनेट दरवाजा आगोटीला ‘पॅक’ करू नका

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गुहागर तालुक्यात गावचं घर, राहणं मुंबईत. चार वर्षांपूर्वी गॅरेजला लोखंडी चौकटीत १० मिलिमीटर जाडीची पोकळ पॉलीकार्बोनेट (उजेड आत येऊ देणारं चिवट प्लास्टिक) शीट घालून दोन पल्ल्यांचा सरकता दरवाजा केला. आता शीटच्या आतल्या नळ्यांत हिरवं दिसतं, खालच्या कडेला पाणी साठलेलं असतं, उन्हाळ्यात दुपारी कट्‌कट् आवाज येतो आणि एक पल्ला दुसऱ्यापेक्षा पिवळा पडलाय. गावातल्या फॅब्रिकेटरने सांगितलंय की पावसाआधी चारही बाजूंनी सिलिकॉन भरून पॅक करू आणि पिवळेपणा पॉलिश मारून काढू. हे करावं का, आणि दरवर्षी नक्की काय करायचं, हे तुम्ही विचारलंय.

दोन्ही करू नका. कारण सांगतो, म्हणजे फॅब्रिकेटरशी बोलताना तुम्हालाही मुद्दा मांडता येईल.

मी चिपळूण भागात २२ वर्षं फॅब्रिकेशन करतोय. पहिली दहाएक वर्षं नुसती ग्रिल, शटर आणि पत्र्याच्या शेड. पॉलीकार्बोनेट हाताला लागलं ते नंतर, आणि सुरुवातीला मीही ते पत्र्यासारखंच वागवलं. पत्र्याला भोक दिसलं की बुजवायचं, फट दिसली की भरायची, हीच सवय. एका गिऱ्हाइकाचा दरवाजा मी स्वतः चारही बाजूंनी सिलिकॉनने बंद करून दिला होता. दसऱ्याला त्यांचा फोन आला की शीटच्या आत पाणी वर-खाली हलताना दिसतंय. जाऊन बघतो तर खरंच, मत्स्यालय झालेलं. त्या दिवशी माझी समजूत बदलली.

तुम्हाला वाटतं की पाणी पावसाचं आहे आणि फटीतून आत जातं. थोडं तसंही असतं, पण मोठा वाटा हवेतल्या दमटपणाचा. पॉलीकार्बोनेटमधून पाणी जात नाही, वाफ मात्र जाते. हळूहळू जाते, पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओली गच्च असते, तेव्हा कितीही पॅक करा, नळीत दमट हवा पोचतेच. रात्री शीट गार पडली की त्या हवेचं दव होतं, थेंब नळीतून खाली उतरतात. खाली वाट असेल तर निघून जातात, नसेल तर तिथेच बसतात. वरून उजेड भरपूर, आत पाणी आणि थोडी धूळ. शेवाळाला आणखी काय हवं? त्यात तुमचं गॅरेज महिनोन्‌महिने बंद, वारा नाही.

म्हणून पहिली तपासणी ही: नळ्या उभ्या आहेत की आडव्या? शीटचा तुकडा वाचवण्यासाठी काही जण शीट आडवी कापून बसवतात. तुमच्या शीटच्या नळ्या आडव्या असतील तर मी पुढे सांगतोय त्यातलं काहीही पुरेसं पडणार नाही, पाणी नळीत पडूनच राहणार. ती शीट बदलायची वेळ येईपर्यंत तशीच वापरा आणि बदलताना उभी घाला. तुम्ही खालच्या कडेला पाणी साठतं असं लिहिलंय, त्यावरून तुमच्या नळ्या उभ्या असाव्यात असं मी धरून चाललोय.

उभ्या असतील तर वरचं तोंड पूर्ण बंद हवं आणि खालचं तोंड श्वास घेणारं हवं. वर ॲल्युमिनियमची साधी चिकटपट्टी, खाली बारीक छिद्रांची फिल्टरवाली पट्टी: हिच्यातून पाणी आणि हवा जाते, धूळ आणि मुंग्या अडतात. त्यावर यू आकाराची पट्टी, आणि तिला खालून दर फुटाला एखादं भोक. बहुतेक ठिकाणी मला काय सापडतं? दोन्हीकडे पार्सलला लावतात तो खाकी टेप. एका उन्हाळ्यात त्याचा डिंक वाळतो, टेप निम्मा लोंबतो, आणि त्याच्या मागून मुंग्या वसाहत करतात.

आणि एक प्राणी कोणी लक्षात घेत नाही: कुंभारीण माशी. तिला पाच-सहा मिलिमीटरचं तयार भोक म्हणजे फुकटात मिळालेलं घर. पाणी जायला पाडलेली भोकं ती मातीने इतकी पक्की लिंपते की बाहेरून बघताना लक्षातही येत नाही. मी दर दरवाजाला आधी सायकलच्या स्पोकचा तुकडा घेऊन खालची भोकं टोचून बघतो. निम्म्या ‘गळक्या’ दरवाजांचं निदान तिथेच होतं.

आता आवाजाबद्दल. पॉलीकार्बोनेट उन्हाने बरंच वाढतं. एक मीटर लांबीला दर अंशाला साधारण ०.०६७ मिलिमीटर. आकडा छोटा वाटतो, पण तुमचा पल्ला २.४ मीटर उंच धरला आणि जानेवारीच्या पहाटेची गार शीट ते मे महिन्याच्या दुपारची तापलेली शीट यात ४० अंशांचा फरक धरला, तर शीट सहा मिलिमीटरहून जास्त लांब होते. तेवढ्याच फरकाला लोखंडी चौकट जेमतेम एक मिलिमीटर वाढते. म्हणजे पाच मिलिमीटरची ओढाताण, आणि ती रोज थोडी थोडी चालूच. शीट चौकटीत मोकळी असेल तर ती सरकते आणि सरकताना गॅस्केटवर, म्हणजे शीट आणि चौकट यांच्यामधल्या मऊ पट्टीवर, घासून कट् असा आवाज येतो. त्या आवाजाची चिंता नको. चिंता कुठे करायची, तर स्क्रूपाशी. प्रत्येक स्क्रूच्या भोवती नीट बघा, ऊन तिरपं असताना दिसतं: चांदणीसारख्या बारीक चिरा आहेत का? असतील तर भोक स्क्रूच्या मापाचंच पाडलंय आणि शीटला हलायला जागाच ठेवलेली नाही. भोक स्क्रूपेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं हवं, वर रबरी वायसर, आणि स्क्रू इतकाच आवळायचा की वायसर टेकेल, चपटा होऊन बाहेर येणार नाही. आमची पोरं इम्पॅक्ट ड्रिल घेऊन सुटतात आणि शीटला खळी पडेपर्यंत आवळतात. तुमच्याकडे खळी दिसली तर तो स्क्रू हाताने अर्धा-पाऊण वळसा सैल करा. निम्मे आवाज त्यानेच थांबतील.

आणि चारही बाजूंनी सिलिकॉन भरलं तर हे हलणंच बंद होतं. शीट मग फुगते, मधोमध पोट काढते, किंवा सिलिकॉनच सोडते. शिवाय दुकानात स्वस्तात मिळणाऱ्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते पॉलीकार्बोनेटला चालत नाही. कुठे अगदी लावावंच लागलं, म्हणजे वरच्या पट्टीच्या सांध्यावर वगैरे, तर न्यूट्रल क्युअर लिहिलेली ट्यूब मागा आणि वास घेऊन खात्री करा.

पिवळेपणाचं मात्र तुम्हाला वाईट वाटेल असं उत्तर आहे. या शीटच्या बहुधा एकाच बाजूला ऊन अडवणारा यूव्हीचा थर असतो, केसाहूनही पातळ, साधारण ५० मायक्रॉनचा. ती बाजू बाहेर यायला हवी. कारखान्यातून येताना त्या बाजूच्या फिल्मवर तसं छापलेलं असतं. दोन पल्ले एकाच दिवशी, एकाच शीटमधून केलेले, दोघांवर ऊन सारखं, आणि एकच पिवळा पडला, तर तो पल्ला उलटा बसलाय असा माझा पहिला संशय. सावली कमी-जास्त असेल, एका पल्ल्यावर माडाची सावली पडत असेल, तर गोष्ट वेगळी. ते तुम्हीच बघून सांगू शकाल.

एक सोपी परीक्षा आहे. पल्ल्याचा एक भाग पाण्याने पूर्ण ओला करा आणि आरपार बघा. ओलं केल्यावर शीट स्वच्छ दिसली तर धूसरपणा वरवरचा आहे, बारीक ओरखड्यांचा. ओलं करूनही पिवळं ते पिवळंच राहिलं तर शीटचा मालच उन्हाने बिघडलाय. पहिल्या प्रकारात पॉलिश मारलं की चमक येते खरी, पण पॉलिश म्हणजे घासणं, आणि घासलं की तो पातळ थर जातो. गाडीचे हेडलाइटही पॉलीकार्बोनेटचेच. ते घासून चकचकीत करून आणले की वर्षभरात पुन्हा पिवळे पडतात, हे बऱ्याच जणांनी अनुभवलंय, त्याचं कारण हेच. दुसऱ्या प्रकारात पॉलिशचा काडीचा उपयोग नाही.

आता कधी काय करायचं. तुम्ही चाकरमानी माणूस, त्यामुळे ‘दर महिन्याला पुसा’ असं सांगून उपयोग नाही. तुम्ही मे महिन्यात, गणपतीत आणि दिवाळीत येता असं लिहिलंय, तर तेवढ्यातच बसवू.

मोठं काम दिवाळीला. इथे माझं बाकीच्यांशी पटत नाही. आपल्याकडे सगळी डागडुजी आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, करायची पद्धत आहे, छपराच्या शाकारणीपासून. कौलांना ते बरोबरच आहे. पण या दरवाजाला पावसाने जे करायचं ते करून झालेलं असतं ते ऑक्टोबरात, आणि त्याच वेळी हवा कोरडी व्हायला लागते. मे महिन्यात नळ्या धुतल्या तर त्या नीट वाळायच्या आत सातएक जूनला पाऊस दारात. दिवाळीत धुतल्या तर पुढे चार-पाच महिने कोरडे.

काम असं. पल्ला उतरवणं शक्य असेल तर उतरवा, नसेल तर खालची यू पट्टी आणि टेप काढा. आधी शीटवर नुसतं पाणी मारून धूळ वाहू द्या. हे विसरू नका. आपल्याकडची जांभ्याची धूळ म्हणजे बारीक वाळूच, कोरड्या फडक्याने पुसलंत तर फडकं पॉलिश पेपरचं काम करतं. मग बादलीभर कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विड साबणाचे थोडे थेंब, मऊ सुती फडकं किंवा स्पंज, आणि पुन्हा भरपूर पाणी. तापल्या शीटवर नको, सकाळी लवकर करा, नाहीतर साबण जागच्या जागी वाळून डाग पडतात. नळ्यांच्या आत वरून तेच साबणपाणी सोडा, खालून गढूळ निघेल, स्वच्छ येईपर्यंत साधं पाणी सोडत राहा. शेवाळ फार जुनं असेल तर सगळं निघत नाही, हलकी हिरवट छटा राहते. ती राहू द्या. ब्लीचिंग पावडर टाकायचा मोह होतो, पण ते पाणी खाली लोखंडात उतरतं आणि चौकट खातं.

मग वाळवणं, आणि हाच खरा वेळखाऊ भाग. दोन्ही तोंडं उघडी ठेवून पल्ला सावलीत, वाऱ्याला उभा. तीन-चार दिवस तरी द्या. पाहुणे आले म्हणून दुसऱ्या दिवशी टेप लावून टाकाल तर धुण्याची मेहनत वाया. घाई असेल तर हातातला ब्लोअर चालतो. पंक्चरवाल्याचा कंप्रेसर नको, त्याच्या हवेबरोबर तेलाचे बारीक तुषार येतात आणि ते नळीत गेले की कायमचे. पूर्ण वाळल्यावर वर बंद पट्टी, खाली छिद्राची पट्टी, यू पट्टी.

याच वेळी चौकट बघा. सगळ्यात आधी सडते ती खालची आडवी चौकोनी नळी, कारण तिच्यात पाणी साठतं. तिला खालून सहा-आठ मिलिमीटरची दोन-तीन भोकं नसतील तर पाडून घ्या. गंज तारेच्या ब्रशने काढून प्रायमर आणि ऑइलपेंट, पण शीट काढून. शीट जागेवर ठेवून रंगवायचं असेल तर ती पूर्ण झाकायची. थिनरचा एक थेंब पॉलीकार्बोनेटवर पडला की पांढरा डाग पडतो आणि तो निघत नाही. ग्राइंडर किंवा वेल्डिंग जवळपास चालणार असेल तर शीटवर ओलं गोणपाट टाका. ठिणग्या शीटमध्ये रुततात आणि पहिल्या पावसात त्या प्रत्येक ठिणगीचा तांबडा गंजका ठिपका होतो. पोरं म्हणतात शीटला गंज चढला.

स्क्रू गंजले असतील तर बदला. समुद्रापासून चार-पाच किलोमीटरच्या आत असाल तर स्टेनलेसमध्येही ३१६ ग्रेडचे मागा. साध्या ३०४ वर खाऱ्या वाऱ्याने चहाचे डाग पडल्यासारखं होतं. फरक फार पैशांचा नाही, मागे लागून मिळवायला लागतात एवढंच. गॅस्केट हातात घेऊन बघा: कडक, चकचकीत, किंचित चिकट झालं असेल तर ते पीव्हीसीचं आहे. त्यातलं मऊ ठेवणारं तेल बाहेर येऊन शीटमध्ये उतरतं आणि जिथे जिथे गॅस्केट टेकतं तिथे केसासारख्या चिरा पडतात. ईपीडीएम रबराचं घ्या, दिसायला मंद काळं असतं.

मे महिन्यातलं काम अर्ध्या दिवसाचं. खालची भोकं टोचायची. कुंभारीण फेब्रुवारी-मार्चपासून येऊन गेलेली असते. खालचा रूळ तारेच्या ब्रशने झाडून काढायचा आणि तिथे ग्रीस अजिबात लावायचं नाही. ग्रीसला माती चिकटते आणि चाकाला घासकागद मिळतो. ग्रीस द्यायचं ते वरच्या ट्रॉलीच्या बेअरिंगला, बोटाच्या टोकाएवढं, आणि शीटला लागू न देता. गंज सोडवायचे स्प्रे शीटजवळ मारू नका. त्यातलं पेट्रोलियम पॉलीकार्बोनेटला चिरा पाडतं. सिलिकॉन स्प्रे चालतो, तोही आधी फडक्यावर मारून.

आणि मे महिन्यात एक गोष्ट पट्टी लावून मोजा: शीट चौकटीच्या खोबणीत किती आत गेली आहे. २० मिलिमीटर तरी हवी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडे धडकलं, त्यानंतर मी दापोली-मंडणगड भागात कामाला होतो. एका ठिकाणी गॅरेजची अख्खी शीट गडग्यापलीकडे शेजाऱ्याच्या वाडीत पडलेली. एक ओरखडा नाही! शीट फुटली नव्हतीच. वाऱ्याने तिचं पोट आत दाबलं, कडा खोबणीतून सुटल्या आणि ती उडाली. खोबणीत जेमतेम दहा मिलिमीटर होती. १० मिलिमीटरच्या पोकळ शीटचं वजन चौरस मीटरला दोन किलोच्याही आतच असतं, पाच मिलिमीटर काचेचं साडेबारा. हलकी म्हणून आपण घेतो, पण हलकी म्हणूनच तिला धरून ठेवावं लागतं. खोबण कमी भरली तर मधे आणखी एक आडवी पट्टी वेल्ड करून घ्या, ती पोट काढू देत नाही.

गणपतीत फक्त दोन कामं: भोकं पुन्हा टोचा, आणि घरात असाल तेवढे दिवस गॅरेज दिवसा उघडं ठेवा. त्या बंद खोलीला तेवढाच वारा मिळतो. धुणं-बिणं नको, आरतीला उशीर होईल.

काही गोष्टी ऋतूशी संबंधित नाहीत, पण दरवाजे बिघडतात त्याच जास्त. काच पुसायचा निळा स्प्रे वापरू नका, बऱ्याच स्प्रेंत अमोनिया असतो. धुण्याचा सोडाही नको. गॅरेजच्या भिंतीला चुना किंवा सिमेंटचं काम निघालं तर शीट झाका आणि शिंतोडे ओले असतानाच धुऊन टाका, क्षाराने पॉलीकार्बोनेट खाल्लं जातं. ग्रासकटरमध्ये पेट्रोल भरायचं काम दरवाजाला टेकून होतं का, ते गड्याला विचारा. बहुतेक घरी होतंच. रंगाचा किंवा डांबराचा डाग पडलाच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन हलकेच पुसा आणि लगेच साबणपाण्याने धुवा. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल यातलं काहीही नको.

तुमच्या दोन पल्ल्यांपुरतं माझं मत: हिरवा आहे पण पिवळा नाही, तो पल्ला या दिवाळीत धुऊन, टेप बदलून आणखी बरीच वर्षं जाईल. पिवळ्या पल्ल्याची ओल्याची परीक्षा करा. तरीही पिवळाच दिसला तर उलटा फिरवून काही मिळणार नाही, जे बिघडलं ते बिघडलं. शीट चिवट आहे तोवर वापरा. अंगठ्याने दाबल्यावर करकर करायला लागली की बदला.

बदलताना फॅब्रिकेटरच्या शेजारी उभे राहा. मुंबईहून फोनवर हे काम होत नाही. छापील बाजू बाहेर, नळ्या उभ्या, आणि वर-खाली मिळून मीटरला तीन मिलिमीटर जागा मोकळी. काम डिसेंबर-जानेवारीत थंडीत होणार असेल तर ही जागा पूर्ण सोडा, कारण शीट तेव्हा आखडलेली असते आणि पुढे वाढणार असते. छापील बाजूची फिल्म काढण्याआधी त्या अंगाला कागदी टेपचा तुकडा लावून ‘बाहेर’ लिहून ठेवा. दोन्ही बाजूंची फिल्म निघाली की कोणती कुठली हे देवालाही सांगता येत नाही. आणि फिल्म त्याच दिवशी पूर्ण काढा. ओरखडे पडू नयेत म्हणून काही लोक ती दिवाळीपर्यंत ठेवतात. उन्हाने ती शीटला असा डिंक लावते की पुढे नखाने खरवडत बसावं लागतं.